मेंदू आणि स्नायूंच्या आजारात मुलांचा कणा वाकतो तेव्हा : पट्टा, शस्त्रक्रिया की थांबणे?

गिरणाकाठ (भडगाव)

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. जन्मल्यावर तो लगेच रडला नाही आणि पुढे सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाली बिघडण्याच्या आजाराचे, निदान झाले. तो उभा राहू शकत नाही, धडाला आधार दिला तरच बसतो, बोलत नाही. पण घरातल्या प्रत्येकाची पावले ओळखतो आणि वडिलांची मोटारसायकल अंगणात आली की हसतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोऱ्या एक बाजूले झुकस." आम्ही ते थकव्यावर ढकलले. मागच्या दिवाळीत काढलेल्या एक्स-रेमध्ये कण्याचा वाक 34 अंश होता आणि या श्रावणात तो 52 अंश निघाला.

एका डॉक्टरांनी पट्टा बांधायला सांगितला. दुसऱ्यांनी मानेखालून कमरेच्या हाडापर्यंत सळया घालण्याची शस्त्रक्रिया सुचवली. घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. "जो पोरगा चालणारच नाही त्याची पाठ कशासाठी उघडायची?" असे सासरे विचारतात आणि त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही. पट्ट्याने वाक थांबतो का? शस्त्रक्रियेने नेमके काय मिळते आणि काय गमवावे लागते? ज्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली त्यांनी आणि विचारपूर्वक नाकारली त्यांनीही लिहावे, ही विनंती.

पांझरा (धुळे)

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सोळा वर्षे अशाच मुलांबरोबर काम करते आहे. उपचार ठरवण्याआधी हा वाक कुठून येतो ते घरातल्या सगळ्यांनी समजून घेतले, तर निम्मे वाद मिटतात, असा माझा अनुभव आहे.

वयात येणाऱ्या, एरवी धडधाकट मुलींमध्ये कणा वाकतो तो आजार वेगळा. तिथे स्नायू चांगले असतात आणि कारण बहुधा सापडत नाही. आपल्या मुलांमध्ये कण्याला दोन्ही बाजूंनी तोलून धरणारे स्नायू एक तर दुबळे असतात, नाहीतर मेंदूकडून त्यांना मिळणारे आदेश बिघडलेले असतात. सेरेब्रल पाल्सी, ड्युशेन प्रकारचा स्नायुक्षय, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी (मज्जारज्जूतल्या चेतापेशी खराब होऊन स्नायू दुबळे होण्याचा आनुवंशिक आजार), जन्मतः उघडा राहिलेला कणा, पोलिओ, मज्जारज्जूची इजा ही त्याची मुख्य कारणे. त्यामुळे वाक एका लांब कमानीसारखा असतो आणि अनेकदा कमरेच्या हाडापर्यंत उतरतो. कमरेचे हाड तिरके झाले की मूल एकाच कुल्ल्यावर बसते, तिथली कातडी दबते, दुसऱ्या बाजूच्या बरगड्या कमरेच्या हाडावर घासू लागतात आणि तोल सावरण्यासाठी मूल हात टेकते. खेळण्याचा, खाण्याचा हात असा टेकण्यात अडकतो.

वाकाचे माप एक्स-रेवर कोनात घेतात, त्याला कॉब कोन म्हणतात, आणि 10 अंशांच्या वर गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणायचे. एक्स-रे बसवून काढला होता की झोपवून, हे तुम्ही लिहिलेले नाही. दोन एक्स-रे वेगवेगळ्या स्थितीत काढलेले असतील तर 34 आणि 52 यांची तुलना फसवी ठरेल, कारण झोपल्यावर गुरुत्वाकर्षणाचा भार निघतो आणि कोन कमी दिसतो. ते आधी तपासा. दोन्ही प्रकारचे एक्स-रे एकाच दिवशी काढले तर मात्र त्यांतल्या फरकावरून कणा किती लवचीक उरला आहे ते कळते.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे हालचालींच्या क्षमतेनुसार पाच स्तर करतात. चौथ्या आणि पाचव्या स्तरातल्या, म्हणजे स्वतः न चालणाऱ्या मुलांत धोका सर्वांत जास्त असतो आणि उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात वाक सर्वांत वेगाने वाढतो. तुमचा मुलगा त्याच उंबरठ्यावर आहे. शिवाय 50 अंशांच्या आसपास पोहोचलेला वाक वाढीचे वय संपल्यावरही हळूहळू वाढत राहतो, त्यामुळे "मोठा झाला की थांबेल" या आशेवर निर्णय टाकू नका.

केळीबाग (रावेर)

पट्ट्याबद्दल मी लिहिते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सीच आहे, वाक 38 अंश आहे आणि तीन वर्षांपासून ती पट्टा वापरते.

पट्ट्याने वाक सरळ होत नाही. आमच्याकडे घड धरलेल्या केळीला टेकू देतात. टेकूने केळ पडत नाही, पण त्याच्या खोडात जोरही येत नाही. पट्ट्याचे काम मला तसेच वाटते. तो घातला की ती शाळेच्या खुर्चीत दोन तास मान वर ठेवून बसते, तिचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि माझ्या बहिणीला तिला भरवणे सोपे जाते. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की हा पट्टा बसण्यासाठी आहे, वाक रोखण्यासाठी नाही, आणि फार तर काही काळ मिळवून देईल. ते ऐकून तेव्हा वाईट वाटले होते, पण त्या स्पष्टपणामुळे पुढे फसवणूक झाल्यासारखे वाटले नाही.

आपल्या भागात खरी परीक्षा उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा प्लास्टिकचा घट्ट पट्टा अंगावर ठेवणे म्हणजे शिक्षा होते. आम्ही आतून बिनशिवणीची सुती बनियन घालतो, दिवसातून दोनदा बदलतो आणि दुपारी बारा ते चार पट्टा काढून ठेवतो. पट्टा काढल्यावर कातडीवर लालसर खूण दिसते. ती अर्ध्या तासात गेली नाही तर पट्टा त्या ठिकाणी दाबतो आहे असे समजून तो बनवणाऱ्याकडे घासून घ्यायला न्यायचा. पोटाशी गोल खिडकी कापून घ्या आणि जेवणानंतर तासभर पट्टा सैल ठेवा, नाहीतर अन्न वर येते आणि ठसका लागतो. मऊ फोमचा पट्टा मिळाला तर तो आधी वापरून पाहा.

बोरीकाठ (अमळनेर)

माझ्या मुलाला ड्युशेन स्नायुक्षय आहे, तो सतरा वर्षांचा आहे. त्याची गोष्ट लिहिणे मला सोपे नाही, पण तुम्ही वेळेत विचारले आहे म्हणून लिहितो.

अकराव्या वर्षी त्याचे चालणे थांबले आणि व्हीलचेअर आली. त्यानंतर दीड वर्षात पाठ वाकू लागली. या आजारात चालणे सुटले की कणा वाकण्याचा धोका वाढतो हे मला कोणी समजावले नव्हते, किंवा समजावले असेल तर त्या वेळच्या धक्क्यात माझ्या कानात शिरले नसेल. स्टिरॉइडची गोळी नियमित घेतलेली मुले अधिक काळ चालतात आणि त्यांच्यात वाकही कमी प्रमाणात दिसतो. आम्ही वजन वाढते म्हणून ती गोळी मध्येच बंद केली होती. मग एका ठिकाणी पट्टा दिला गेला आणि "सहा महिन्यांनी या" असे सांगितले गेले. ड्युशेनमध्ये पट्टा वाक रोखत नाही. आमची ती दोन वर्षे त्यात गेली. मुंबईला पोहोचलो तेव्हा वाक 70 अंशांच्या पुढे होता आणि फुंकून मोजण्याच्या चाचणीत फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या 30 टक्क्यांखाली उतरली होती. एवढ्या कमी श्वासावर शस्त्रक्रियेचा धोका फार वाढतो, असे त्या डॉक्टरांनी समोर बसवून, घाई न करता सांगितले. आम्ही शस्त्रक्रिया केली नाही. या आजारात वाक 20-30 अंशांवर असतानाच, श्वास टिकून असताना निर्णय घ्यायचा असतो, हे आम्हाला तेव्हा कळले.

तुमच्या मुलाचा आजार वेगळा आहे, म्हणून हे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका. एवढेच करा की पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची मिळाली, तर ती लवकर मागून घ्या.

गिरणाकाठ (भडगाव)

दादा, तुमचे लिहिणे मी यांना वाचून दाखवले. काही वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. तुमच्या मुलाची तब्येत आता कशी आहे?

पांझराताई, एक्स-रे पाहिले. पहिला झोपवून काढलेला आहे आणि दुसरा बसवून.

बोरीकाठ (अमळनेर)

तो बरा आहे. रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारे यंत्र, लावून झोपतो, सकाळी ताजा असतो, बारावीचा अभ्यास करतो आणि बुद्धिबळात मला हरवतो. व्हीलचेअरला बाजूचे आधार आणि मागे झुकणारी पाठ बसवून घेतली आहे. शस्त्रक्रिया झाली नाही म्हणजे करण्यासारखे काही उरले नाही असे नसते, हेही लिहायला हवे होते.

तोरणमाळ (शहादा)

मी शस्त्रक्रियेला नकार दिलेली आई आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, वाक 60 अंशांचा आहे, तिला वारंवार आकडी येते, वजन सोळा किलो आहे आणि दोन वर्षांत तिला चार वेळा न्यूमोनिया झाला. सांगितले गेले ते असे : सहा-सात तासांची शस्त्रक्रिया, बराच रक्तस्राव, नंतर काही दिवस अतिदक्षता विभाग, कदाचित श्वासयंत्र. जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण धडधाकट मुलांपेक्षा या मुलांत बरेच जास्त असते. मी विचारले की यातून ती वाचेल याची खात्री काय, तेव्हा उत्तर प्रामाणिक मिळाले, आणि त्या उत्तरानंतर आम्ही थांबलो. तिला वाकामुळे वेदना नाहीत. तिच्या अंगाच्या मापाने साच्यात घडवलेली खुर्ची आम्ही करून घेतली आहे आणि दर दोन तासांनी कूस बदलतो.

मला एक सांगायचे आहे. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते असे अनेकजण ठामपणे बोलतात. त्याचा पुरावा मला कोणी दाखवलेला नाही.

पांझरा (धुळे)

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. ड्युशेनमधील कण्याच्या शस्त्रक्रियेवर कोक्रेन या संस्थेने घेतलेल्या आढाव्यात एकही यादृच्छिक चाचणी सापडली नव्हती, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून कोणी तुलना केलेलीच नव्हती. सेरेब्रल पाल्सीतही बहुतेक माहिती शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या नोंदींवरून आणि पालकांच्या उत्तरांवरून येते. त्या उत्तरांत मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : गुंतागुंत झालेल्या घरांतलेही बहुसंख्य पालक बसणे, वेदना आणि सांभाळणे सुधारले असे सांगतात. आयुष्याची वर्षे हा मुद्दा बाजूला ठेवून बसण्याचा प्रश्न विचारला, तर उत्तर बरेच स्पष्ट आहे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत तुम्ही घेतलेला निर्णय मला पूर्णपणे समजतो.

गिरणाकाठताई, म्हणजे तुमच्या दोन आकड्यांतला फरक सगळा वाढीचा नाही. तरीही बसल्यावर 52 हा आकडा खराच आहे आणि मूल दिवसभर बसलेल्या स्थितीतच जगते. घरी एक करून पाहा. त्याला नेहमीच्या खुर्चीत बसवा आणि दोन्ही कुल्ल्यांखाली तुमचे तळहात, तळवे वर करून, सरकवा. एका हातावर किती भार येतो आणि दुसऱ्यावर किती, ते सासऱ्यांनाही पाहू द्या. खुब्याचा सांधा निखळत चालला आहे का याचाही एक्स-रे मागा, कारण खुबा आणि कमरेचा तिरकेपणा एकमेकांना बिघडवतात.

चोपड्याचा (सध्या नाशिक)

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेचे ठरो वा न ठरो, तयारी आधीच सुरू करा, कारण या शस्त्रक्रियांचे यश टेबलावर जितके ठरते तितकेच त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत ठरते.

पहिले वजन. कुपोषित मुलाची जखम भरत नाही आणि संसर्ग वाढतो. त्याच्या गिळण्याची तपासणी करून घ्या. ठसका लागत असेल तर तोंडाने जबरदस्ती भरवू नका. गिळता येत असेल तर मऊ मुगाच्या खिचडीत तूप, भिजवून वाटलेले शेंगदाणे, दूध, केळे, अंडे चालत असल्यास अंडे. काही मुलांना थेट पोटात नळी घालून आधी वजन वाढवावे लागते, आणि त्यात आई कमी पडली असा अर्थ मुळीच नसतो. दुसरे म्हणजे औषधे. आकडीसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते शल्यविशारदांना ठळकपणे सांगा, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पण ते स्वतःहून बंद करू नका. रक्तस्राव कमी करण्यासाठी ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे औषध आता वापरतात, आणि शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर पाहत राहण्याची सोय असेल असेच केंद्र निवडा.

बोरीकाठभाऊंसारख्या घरांसाठी वेगळी सूचना आहे. ड्युशेनच्या मुलाला कोणत्याही कारणाने, अगदी दाताच्या उपचारासाठीही, भूल द्यायची असेल तर आजाराचे नाव आधी सांगा. सक्सिनिलकोलिन हे औषध त्यांना दिले जात नाही आणि हुंगवून देण्याचे भुलीचे वायूही टाळले जातात, कारण स्नायू एकाएकी विरघळून रक्तात पोटॅशियम वाढते आणि हृदय थांबू शकते. या मुलांचा हृदयाचा इको आधी झालेला असलाच पाहिजे. जन्मतः उघडा कणा असलेल्या मुलांना लॅटेक्स रबराची ॲलर्जी अनेकदा असते, म्हणून हातमोज्यांपासून काळजी घ्यावी लागते.

सातपायरी (नंदुरबार)

जन्मतः उघड्या कण्याचा उल्लेख आला म्हणून जोडतो. माझ्या पुतणीचा वाक चार महिन्यांत एकदम वाढला आणि त्याच सुमारास लघवीवरचा ताबाही बिघडला. एमआरआयमध्ये मज्जारज्जू खाली चिकटून ताणला गेल्याचे दिसले. आधी ती शस्त्रक्रिया झाली आणि कण्याचा विचार नंतर. अशा मुलांचा वाक अचानक वाढला तर नुसता एक्स-रे पुरत नाही.

अनेरकाठ (शिरपूर)

मी एकसष्ट वर्षांचा आहे. दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले आणि बाराव्या वर्षापासून पाठ वाकत गेली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या दिवशी मी घरात पेढे वाटले होते. फार पुढे वाचनात आले की कण्यात धातूची सळई बसवण्याची पद्धत पॉल हॅरिंग्टन यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये पोलिओच्या मुलांसाठीच विकसित केली आणि 1962 मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे मी जन्मण्यापूर्वीच उपाय जगात होता, पण तो आमच्या गावापर्यंत यायला रस्ता नव्हता.

मी शस्त्रक्रियेशिवाय जगलो, दुकान चालवले, मुली शिकवल्या. ज्यांनी नकार दिला आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे. पण पंचेचाळिशीनंतर सकाळी उठल्यावर डोके दुखू लागले, दिवसा झोप येऊ लागली, आणि मी कित्येक महिने ते चष्म्याच्या नंबरावर टाकले. वाकलेल्या छातीत आणि दुबळ्या स्नायूंमुळे रात्री श्वास अपुरा पडत होता आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत होता. बायपॅप लावल्यावर आठवड्यात डोकेदुखी गेली. ज्या घरात वाकलेल्या कण्याचे माणूस आहे, लहान असो वा मोठे, त्यांनी सकाळची डोकेदुखी, रात्री वारंवार जाग येणे आणि दिवसाची पेंग याकडे लक्ष ठेवावे.

वाघूर (जामनेर)

माझ्या भाच्याला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीचा दुसरा प्रकार आहे. दोन गोष्टी सांगते. त्याचे वय सात असल्याने कणा पूर्ण सांधला नाही, म्हणजे सगळे मणके एकमेकांना कायमचे जोडले नाहीत. उंची वाढू शकावी म्हणून वाढत्या सळया बसवल्या आणि त्या ठरावीक काळाने लांब कराव्या लागतात. दुसरे, या आजारावरचे नुसिनर्सेन हे औषध कमरेतून सुई घालून देतात, त्यामुळे तिथे सळया घालताना सुईला वाट राहील याचा विचार आधीच करावा लागला. तोंडाने घेण्याच्या रिस्डिप्लाम या दुसऱ्या औषधाला ती अडचण नाही.

काय गमवावे लागते असे गिरणाकाठताईंनी विचारले होते. कणा सांधला की तो वाकत नाही. माझा भाचा पुढे झुकून तोंड हाताजवळ नेत असे आणि स्वतः खात असे. सळया बसल्यावर ते जमेना, आणि टेबल उंच करून, कोपराला आधार देऊन खायला त्याला पाच महिने लागले. ज्याच्या हातात थोडी शक्ती आहे त्याच्याबाबत हा प्रश्न शल्यविशारदांना आधी विचारायलाच हवा.

धडगावचा_मास्तर (धडगाव)

मी विशेष शिक्षक आहे. वर मुंबई, नाशिक असे सहज लिहिले गेले आहे, पण आमच्या पाड्यांवरून आधी तालुक्यापर्यंत येण्यातच एक दिवस जातो, म्हणून वाटेचे सांगतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे आणि त्याची पथके अंगणवाडीत व शाळेत अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासतात. त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या, म्हणजे पुढच्या मोठ्या रुग्णालयात तुम्ही कागदासह जाता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आणि स्नायुक्षय दोन्ही आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढले नसेल तर आजच अर्ज करा. सेरेब्रल पाल्सीसाठी राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे, तिच्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि फिजिओथेरपीचा खर्चही बसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, दाखल होण्याआधी विचारा. रेल्वेत सोबत्यासह सवलत मिळते, तिचा दाखला वेगळा करावा लागतो.

माझ्या शाळेत पाठ वाकलेली मुले आहेत. जमिनीवर पाय पसरून, भिंतीला टेकवून बसवलेले मूल मी पाहिले की आधी कोपऱ्याची लाकडी खुर्ची करून देतो. सुताराकडे ती एका दिवसात होते आणि तिला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

गिरणाकाठ (भडगाव)

दीड महिन्याने लिहिते आहे. तुम्हा सर्वांचे प्रश्न वहीत उतरवून आम्ही मुंबईला गेलो.

त्याआधी घरी एक घडले. सासऱ्यांनी त्याच्या खाली तळहात घातले. उजव्या हातावर सगळा भार होता आणि डाव्या हातावर जवळजवळ काहीच नव्हते. ते बराच वेळ तसेच बसून राहिले, मग म्हणाले की याला रोज असे एका हाडावर बसवतो आहोत तर हा संध्याकाळी का रडतो ते आता कळले. आम्ही ते रडणे भुकेचे समजत होतो. चालण्याचा प्रश्न त्यांनी त्यानंतर काढला नाही.

तिथे बसवून आणि झोपवून असे दोन्ही एक्स-रे एकाच दिवशी काढले : 54 आणि 39. म्हणजे कणा अजून लवचीक आहे आणि झोपलेल्या स्थितीत दिवाळीपासून पाच अंश वाढला आहे. डावा खुबा अर्धवट निसटला आहे. शस्त्रक्रिया करावी असे त्यांचे मत आहे, पण आज नाही. वजन एकोणीस किलो आहे, ते निदान तीन किलो वाढवून, गिळण्याची तपासणी करून, व्हॅल्प्रोएटबद्दल मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून चार महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. तोपर्यंत मऊ पट्टा, फक्त बसताना. सळया पाठीच्या वरच्या मणक्यांपासून कमरेच्या हाडापर्यंत जातील. धोके त्यांनी लपवले नाहीत आणि तोरणमाळताई, तुमचा आयुष्याबद्दलचा प्रश्न मी विचारला. ते म्हणाले की आयुष्य वाढवण्याचे वचन देणार नाही, त्याला दोन्ही बाजूंवर सारखे बसवण्याचा प्रयत्न करेन.

आम्ही होकार दिला आहे. भीती गेलेली नाही.

तोरणमाळ (शहादा)

त्यांनी असे उत्तर दिले हे वाचून बरे वाटले. तारीख ठरली की लिहा, मी येथे असेन. माझ्या मुलीच्या साच्याच्या खुर्चीचे फोटो हवे असतील तर पाठवते, चार महिन्यांसाठी तशी उशी घरीही करता येईल.

पांझरा (धुळे)

एक व्यावहारिक सूचना, कारण ती शेवटी राहून जाते आणि घरी आल्यावर धांदल उडते. शस्त्रक्रियेनंतर धड सरळ झाल्यामुळे त्याची बसण्याची उंची एका दिवसात काही सेंटिमीटर वाढेल. आताची खुर्ची त्याला होणार नाही; डोक्याचा आधार वर, बाजूचे आधार नव्या जागी आणि पायपाट पुन्हा मोजून लावावे लागतील. घरी नेण्यासाठी रिक्षा ठरवू नका, मागे सीट झुकवता येईल अशी गाडी बघा. आणि उचलण्याची पद्धत बदलेल : काखेत हात घालून ओढायचे नाही, एकाने मांड्यांखाली आणि दुसऱ्याने पाठीखाली हात घालून, कमरेला पीळ न देता दोघांनी मिळून उचलायचे. सासऱ्यांना आणि त्याच्या वडिलांना आताच गव्हाच्या पोत्यावर सराव करायला लावा.

गिरणाकाठ (भडगाव)

पोते वीस किलोचे भरून ठेवले आहे, ताई. आज संध्याकाळी दोघे उचलणार आहेत.